धुरांड्याचा फितूर

४ मार्च
महापालिकेने शहर हिरवं करायचं ठरवलंय. संशयास्पद. इतकी वर्षं काळं होतं तेव्हा सगळे गप्प होते. वर्षअखेर सगळी धुरांडी बंद म्हणे. पोलाद कारखान्याची वाया जाणारी उष्णता पाइपमधून आमच्या कापड रंगवायच्या गिरणीत आणणार. म्हणजे दुसऱ्याची उष्टी उष्णता! आमचा बॉयलर काय मेलाय? मी फोरमन आहे तोवर हे होणे नाही.
संकल्प: शांत राहणे. कुणावरही विश्वास न ठेवणे.

६ मार्च
बॅटरीवरच्या नवीन बस आल्या. अजिबात आवाज करत नाहीत. जी वस्तू आवाज न करता मागून येते, तिच्या मनात काहीतरी असतंच. मेहुणा हीच बस चालवतो. हल्ली तोही फार बोलत नाही. लक्ष ठेवणे.

९ मार्च, सकाळी
बॉयलरच्या नळ्यांत काजळी साचली होती. ती वाफेने उडवावी लागते. नियम असा, की उडालेली काजळी फिल्टरमधून जाऊ द्यायची. मग फिल्टर तुंबतो, तो कोण साफ करणार? म्हणून मी बायपास उघडतो. काजळी थेट आभाळात, काम फत्ते. याला अनुभव म्हणतात.

दुपारी
तपासनीस बाई येऊन गेल्या. धुरांड्यावर कॅमेरा रोखून आधीपासूनच उभ्या होत्या! नोटीस दिली. ही दुसरी. तिसऱ्यांदा सापडलो तर बॉयलर सील. म्हणजे माझी नोकरी गेलीच. कुणीतरी फितूर झालंय.

१० मार्च
संशयित दोन. पहिला माझा मदतनीस, मफलर. बारा महिने मफलर गुंडाळतो, म्हणतो काजळीने घसा धरतो. बॉयलरवर पगार घ्यायचा आणि काजळीला नावं ठेवायची! शिवाय पाइपच्या ट्रेनिंगला नाव देऊन बसलाय. दुसरा मेहुणा. कारण वर दिलेच आहे.
बायको आज फार खोकली. आमचं घर गिरणीच्या भिंतीला लागून, त्यामुळे डॉक्टर लगेच धुराचं नाव घेतो. तोही त्यांना सामील असणार. माझ्या मते हा फरशी पुसायच्या औषधाचा वास. बाटली फेकून दिली.

१३ मार्च
सापळा रचला. मफलरला सांगितलं, काजळी मंगळवारी उडवू. मेहुणा जेवायला आला होता, त्याच्या कानावर सहज घातलं, गुरुवारी. प्रत्यक्षात उडवणार बुधवारी. हे फक्त माझ्या पोटात. काय डोकं आहे माझं! खरं तर मी मॅनेजरच व्हायचो.
झोपताना बायकोला तेवढं बजावलं, बुधवारी धुणं गच्चीवर घालू नकोस. दर वेळी आठवणीने सांगतो. इतकी काळजी घेणारे नवरे आता उरलेत कुठे?

१६ मार्च, मंगळवार
कुणी फिरकलं नाही. मफलर सुटला. म्हणजे मेहुणाच! उद्या काजळी उडवून मोकळा होतो. परवा बाई कॅमेरा घेऊन येतील आणि तोंडघशी पडतील.

१७ मार्च, बुधवार
बायपास उघडून बाहेर आलो तर बाई गेटवर. कॅमेऱ्यासकट. बॉयलर सील झाला. मॅनेजर मला ओलांडून गेला आणि मफलरशी बराच वेळ बोलला.
बुधवारचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं! घरात मायक्रोफोन लावला असणार. संध्याकाळी सगळ्या भिंती ठोकून पाहिल्या. बायकोने विचारलं, काय शोधताय. म्हटलं, फितूर. ती म्हणाली, मग भिंती कशाला बडवताय, मी इथे बसलेय ना. तपासनीस बाईंना तिन्ही फोन मीच केले.
आधी मला सांगायचं नाही का, असं मी रागाने म्हणालो. ती म्हणाली, किती वर्षं सांगतेय, तुम्ही बाटल्या फेकता. मग एकदम रडायला लागली. म्हणाली, मला श्वास पुरत नाही हो.
मी उठून तिला पाणी आणून दिलं. चौकशी पुढे चालवायची होती म्हणून.

२२ मार्च
पाइपच्या ट्रेनिंगला नाव दिलं. केवळ आत राहून पाळत ठेवता यावी म्हणून. शिकवायला कोण? पहिल्या तुकडीत शिकून आलेला मफलर! पहिलाच व्हॉल्व्ह मी उलटा फिरवला. कुणी हसलं नाही. मफलरने मला चहा आणून दिला, तोही साखर विचारून. कट वाटला होता त्यापेक्षा खोल आहे.

२८ मार्च, रविवार
दुपारी बायको झोपली. बराच वेळ झाला, खोकला नाही. शंका आली. आणखी थोडा वेळ थांबलो. तरी नाही. जवळ जाऊन नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता. पण एका बोटाचा काय भरवसा, म्हणून दुसऱ्या हाताचं बोट धरून पाहिलं. तिने डोळे उघडले आणि विचारलं, हे काय चाललंय.
माशी होती, असं सांगितलं.