संगणक प्रयोगशाळेतील शेगडीस 'उत्कृष्ट' शेरा न देण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
शासकीय विज्ञान महाविद्यालय.

विषय : संगणक प्रयोगशाळेतील गॅस-शेगडीस 'उत्कृष्ट' शेरा देण्यास नकार, तसेच ना-देय दाखल्यावर अडवून ठेवलेली सही मिळणेबाबत.

संदर्भ : १) विभागप्रमुख, संगणक विभाग, यांचा तोंडी आदेश (लेखी मागितला, मिळाला नाही).
२) सदर शेगडी.

महोदय,

मी आपल्या महाविद्यालयातून संगणक प्रोग्रामिंगची पदवी परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले आहे. माझे प्रमाणपत्र कार्यालयात तयार असून ते मी खिडकीतून पाहिले आहे. ते हाती पडण्यासाठी ना-देय दाखल्यावर विभागप्रमुखांची सही लागते. विभागाचे मी काहीही देणे लागत नाही. पुस्तक नाही, शुल्क नाही, तुटलेला माउस नाही. विभागाच्या मते मात्र माझ्याकडे एक शेरा बाकी आहे. मला एका कंपनीत प्रोग्रामरची नोकरी मिळाली आहे आणि महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र दाखवले नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला देतील. हे पूर्ण ठाऊक असूनही तो शेरा मी देणार नाही, हे प्रथमच नमूद करते, म्हणजे पुढील मजकूर वाचताना आपला गैरसमज होणार नाही.

१. अंतिम परीक्षेनंतर आमच्या अभ्यासक्रमाचे मूल्यमापन करण्यासाठी बाहेरून समिती येणार होती. तिच्यासाठी विद्यार्थ्यांचे अभिप्राय फॉर्म हवे होते. विभागाने ते आयत्या वेळी रसायनशास्त्र विभागाकडून आणले आणि वरचे 'रसायनशास्त्र' खोडून तेथे 'संगणक' असा शिक्का मारला. असे फॉर्म भरण्याची आपल्याकडे एक पद्धत आहे. सर फळ्यापाशी उभे राहून प्रश्नाचा फक्त क्रमांक पुकारतात आणि वर्ग 'उत्कृष्ट'च्या चौकटीत खूण करतो. प्रश्न वाचण्यात वेळ जातो, म्हणून तो कोणी वाचत नाही. विभागप्रमुख सर 'सात' म्हणाले आणि सगळ्या माना खाली गेल्या. सातवा प्रश्न होता : 'प्रयोगशाळेतील गॅस-शेगड्यांची स्थिती कशी आहे?'

२. मी तो वाचला. माझा गुन्हा इथून सुरू होतो. मी चौकटी मोकळ्या सोडून शेजारी लिहिले, 'संगणक प्रयोगशाळेत शेगडी नाही.' मग वाचायला लागलेच आहे तर उरलेलेही वाचावेत, म्हणून बाकीच्या प्रश्नांनाही मला जे खरे वाटले ते लिहिले.

३. समितीच्या अध्यक्षांनी गठ्ठा चाळला, माझ्या फॉर्मवर थांबले आणि सरांना म्हणाले, "चला, शेगड्या बघून घेऊ." त्यानंतर प्रयोगशाळेत जे झाले ते मी पाहिलेले नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. समितीने 'अभिप्राय विश्वासार्ह वाटत नाहीत' असे नोंदवले, एवढे मात्र सूचना फलकावर लागले होते.

४. फॉर्मवर नाव लिहायचे नव्हते. तरी मी सापडले, कारण तीन वर्षे आमचे सगळे प्रोग्राम कागदावर पेनाने लिहून घेतल्यामुळे सरांना प्रत्येकाचे अक्षर पाठ आहे. प्रोग्राम संगणकावर घेतले असते, तर मी सुटले असते. सरांनी मला बोलावून विचारले, "एवढ्या वर्गाला शेगडी दिसली, तुलाच कशी दिसली नाही?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या अभ्यासक्रमात नव्हते. समितीकडे खुलासा पाठवायचा असून त्यासोबत माझा 'दुरुस्त' फॉर्म जोडायचा आहे, तो दिल्यास सही ताबडतोब होईल, असे मला सांगण्यात आले. मी नाही म्हटले.

५. त्यानंतर विभागाने वरातीमागून घोडे दामटले. रसायनशास्त्राकडून एक शेगडी उसनी आणून ती प्रयोगशाळेत, कधीच चालू न होणाऱ्या संगणकाशेजारी ठेवण्यात आली. मला ती दाखवण्यासाठी खास बोलावण्यात आले. सर म्हणाले, "आता तरी दिसतेय ना?" मी शेगडी सर्व बाजूंनी पाहिली. तिला नळी नाही. नळी असती तरी त्या खोलीत गॅस नाही, आणि गॅस असता तर आम्ही तिच्यावर काय ठेवणार होतो, हे कोणी सांगितले नाही. सत्याला धरून मी शेरा सुधारण्याची तयारी दाखवली : 'शेगडी आहे. गॅस नाही.' सरांनी ती सुधारणा स्वीकारली नाही. वर्गमैत्रिणी आता मला 'शेगडी' म्हणूनच हाक मारतात. मीही ओ देते.

६. घरीही मला कोणी शहाणी म्हणत नाही. आई शाळांचे गणवेश शिवते. मशीन न थांबवता ती म्हणाली, "अगं, शेगडीला चांगलं म्हटलंस तर तुझं काय जळतंय?" मामा म्हणाला, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. मी म्हटले, मामा, मी पाण्यातून कधीच बाहेर आले आहे, माझी फक्त चप्पल आत राहिली आहे. तो हसला, पण आई हसली नाही. हातातली नोकरी जाईल या विचाराने मला रडू आले, हेही लपवत नाही. परंतु रडू आले म्हणून शेगडी पेटत नाही.

७. मी माझा फॉर्म द्वेषाने भरला, असे सरांचे म्हणणे आहे. म्हणून उरलेले शेरे येथे पुन्हा देते. ते माझे पूर्ण विचारांती केलेले मूल्यमापन आहे.

उपकरणे (आमच्याकडे संगणक) : अपुरी. जे संगणक चालतात त्यांवर दोघी-तिघी बसतात, आणि जिच्या हाती कीबोर्ड तीच शिकते.

परीक्षा : असमाधानकारक. कागदावर लिहिलेला प्रोग्राम चालतो की नाही हे कोणीच तपासत नाही. तो पुस्तकातल्यासारखा दिसला की गुण मिळतात. मलाही असेच गुण मिळाले आहेत आणि त्यांतले काही परत द्यायलाही मी तयार आहे.

प्रकल्प : असमाधानकारक. दरवर्षी प्रत्येक गट 'ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली' सादर करतो. ती मागच्या वर्षीच्या गटाकडून घ्यायची, मुखपृष्ठावरची नावे बदलायची आणि बांधून द्यायची. आपले ग्रंथालय आजही खोक्यातल्या कार्डांवर चालते. आमच्यापैकी कोणालाही, मलासुद्धा, एखादी प्रणाली तेथे नेऊन चालवून पाहावी असे सुचले नाही.

अध्यापन : एक तास सोडून साधारण. तो तास तासिका तत्त्वावर आलेल्या बाईंचा. वीज गेली की इतर तास सुटत, बाईंचा सुरू होई. त्या आम्हालाच संगणक करत. एकीने प्रोग्रामची ओळ वाचायची. बाकीच्या, प्रत्येकी प्रोग्राममधली एकेक बदलती राशी होऊन, हातात पाटी घेऊन उभ्या. जिच्या पाटीवरची किंमत बदलेल तिने पुसून नवी लिहायची. मी बरेचदा 'बेरीज' असे. एकदा वाचणारीची ओळ चुकली आणि माझ्या पाटीवर भलताच आकडा आला. मी तो गुपचूप दुरुस्त केला, कारण बरोबर उत्तर मला माहीत होते. बाईंनी सगळ्यांना थांबवले. म्हणाल्या, "पाटीवर आलं ते राहू दे. तू झाकलंस तर चूक कुठे झाली ते आम्ही शोधणार कसं?" पुढच्या वर्षी बाईंची नेमणूक झाली नाही. त्या तासासाठी मी 'उत्कृष्ट'च्या चौकटीत खूण केली आहे. माझ्या फॉर्मवरची ती तशी एकच खूण.

मी प्रोग्रामर झाले असेन तर त्या दुपारी झाले. आपण मला दिलेल्या पदवीत खरे म्हणावे असे तेवढेच आहे, आणि तेच आता पुसायला मला सांगितले जात आहे. पुसून प्रमाणपत्र घेतले तर ते कशाचे प्रमाणपत्र राहील, हे आपणच सांगावे.

८. शेवटचा मुद्दा. 'आपल्या नातेवाइकास या अभ्यासक्रमाची शिफारस कराल का?' या प्रश्नाला मी 'होय' लिहिले आहे. त्यावर बोट ठेवून सर म्हणाले, "आधी सगळ्याला नावं ठेवायची आणि इथे होय? म्हणजे फॉर्म न वाचताच भरलायस." फॉर्म वाचून भरल्याचा पुरावा यासोबत जोडत आहे. माझी धाकटी बहीण यंदा याच महाविद्यालयात, याच अभ्यासक्रमाला प्रवेश घेत आहे. दुसरीकडचे शुल्क आम्हाला झेपणारे नाही, हे खरे. पण तिने "ताई, घेऊ ना?" असे विचारले तेव्हा मी जड मनाने हो म्हटले नाही. हे महाविद्यालय आमचे आहे. त्याला चांगले म्हणायला मला आवडेल, म्हणूनच खोटे म्हणायचे नाही.

सबब विनंती की, माझ्या दाखल्यावर कोणत्याही अटीविना सही व्हावी. माझा मूळ फॉर्म आहे तसा समितीच्या फाइलीत राहावा. त्या बाईंना परत बोलावता येईल का ते पाहावे. आणि शेगडी तिच्या घरी पाठवावी. सही न झाल्यास मी रोज आवक कक्षात हाच अर्ज, यातला एकही शब्द न बदलता, पुन्हा दाखल करीन. नोकरी गेली तर मला वेळच वेळ असेल.

विभागाने पुढील वर्षी नवे फॉर्म छापून घ्यावेत, ही वेगळी सूचना. बहीण प्रत्येक प्रश्न वाचते. ती माझ्यापेक्षा हट्टी आहे, आणि तिचे अक्षर हुबेहूब माझ्यासारखे आहे.

आपली नम्र, परंतु शेऱ्यावर ठाम,
(सही)
संगणक प्रोग्रामिंग पदवीची उत्तीर्ण व अडकलेली विद्यार्थिनी

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) गुणपत्रिकेची प्रत.
२) ना-देय दाखला (एक सही वगळता पूर्ण).
३) नोकरीच्या नेमणूकपत्राची प्रत.
४) धाकट्या बहिणीचा प्रवेश अर्ज, तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरात.