दुकान वाढवलं

रवि. ९ नोव्हें.
सकाळीच वणी. माझ्या शाळेतली धाकटी सहकारी मृणाल स्कूटर घेऊन साडेसहाला दारात! बंद पडलेल्या दुकानांचे फोटो काढायचा नाद तिला मीच लावला, आता मलाच घाई करते. शेवाळे सायकल मार्ट. निळ्या फळ्यांचं दार, ग्रीसने काळा पडलेला ओटा. हे दुकान माझं. म्हणजे शोधलेलं मी, तीनदा येऊन गेले होते. आज पहिल्यांदाच मालक भेटले. शेवाळेकाका. कुठं असता, त्यांनी विचारलं. शाळेत मराठी शिकवते म्हटलं.
"मास्तरीणबाई, आता कशाचा फोटू काढता? गेल्या साली पाडव्याची पूजा केली अन् दुकान वाढवलं."
मी नुसती मान हलवली. मृ.ने मोबाइलात टिपून घेतलं. काका पाटीकडे बघत होते, तेवढ्यात तिने एक फोटो काढला. एकच. मी तेवीस.

बुध. १९ नोव्हें.
मृ.चे फोटो प्रदर्शनाला निवडले. मीही पाठवले होते. मला साधा फोनसुद्धा नाही. स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आली. "ताई, तुमच्यामुळेच!" शिरवाडकरबाई... नको, नाव कशाला, सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. पेढा खाल्ला.
प्रदर्शनाच्या दारातच लावणार आहेत शेवाळेंचा फोटो. खोटं कशाला बोलू, चांगला आलाय. तेवीस फोटो काढताना काका माझ्या चौकटीत यायला नकोत म्हणून मी त्यांना बाजूला सरकायला सांगत होते. हे आठवलं की जास्तच पोटात दुखतं.

मंगळ. २ डिसें.
फोटोंखालच्या ओळी मृ.ने तपासायला पाठवल्या. फौजीची लेक, शाळा सगळ्या जम्मू-अंबाल्याच्या, देवळाली कॅम्पात आली ती थेट कॉलेजला. ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद. शेवाळेंची ओळ अशी: 'मालकाने पाडव्याला दुकान वाढवलं. आता मोठ्या जागेत नवी सुरुवात. जुन दार मागे राहिलं.'
आधी हसूच आलं. दुकान बंद केलं असं तोंडाने म्हणू नये, म्हणून वाढवलं म्हणतात. बांगडी वाढवली म्हणतात तसं. सहावीच्या वर्गात दरवर्षी शिकवते मी हे. हिला वाटलं, दुकान मोठं झालं!
'जुन'वर अनुस्वार दिला. बाकी ओळ तशीच ठेवली.

शुक्र. ५ डिसें.
दुपारी छापायला गेलं. सकाळी सांगता आलं असतं. फोन हातात घेतला, तर तिचाच आला. "ताई, काकांना पण बोलावलंय! मुलीबरोबर येणार आहेत." मी म्हटलं, वा, छानच. ठेवला. आता काकांच्या तोंडावर... लिहवत नाही.

शनि. १३ डिसें.
उद्घाटन. काका धुतलेल्या टोपीत, लेक सोबत. चष्मा लावून ओळ मोठ्याने वाचली.
"मोठी जागा? कुठं हाय ती?"
दोनचार जण हसले. लेक म्हणाली, "बाबा, चला घरी." काका हलले नाहीत, मृ.ला म्हणाले, "ताई, वाढवलं म्हंजी मिटलं. लय वर्सं चालवलं, मग मिटलं." मृ.चा चेहरा पांढराफटक. आणि मग काकांनी मला ओळखलं.
"या मास्तरीणबाई व्हत्या की तवा संगं."
मी म्हटलं, "घाईत नजरेतून सुटलं हो." मृ. लगेच मध्ये पडली, ताईंना काही बोलू नका, माझीच चूक. काकांच्या पायाच पडली. ओळ भिंतीवरून काढली आणि म्हणाली, काका, तुम्हीच लिहा. त्यांनी उभ्याउभ्या लिहिलं: 'सायकली दुरुस्त केल्या. मग दुकान वाढवलं.' सही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या. तेव्हासुद्धा मनात हेच, की घ्या, हिच्या चुकीचंसुद्धा सोनं होतं!

रवि. १४ डिसें.
पेपरात फोटो. काका, मृ. आणि ती हाताने लिहिलेली ओळ. कोपऱ्यात अर्धा खांदा दिसतोय तो माझा.

मंगळ. १६ डिसें.
मृ. घरी आली. पुढच्या वर्षी दुसरं प्रदर्शन देतायत तिला. "मी सांगून टाकलं, दोघींचं करायचं. ताईंचं नाव आधी." मग म्हणाली, "त्या दिवशी लोक तुमच्याकडे कसे बघत होते. मला फार वाईट वाटलं. तुम्ही तर सगळं किती नीट तपासलं होतं."
चहा उतू गेला तो पुसत बसले, तिच्याकडे पाठ करून.
सांगितलं तर ती परत दारात यायची नाही. प्रदर्शन तर जाईलच. नाही सांगितलं तर माझं नाव आधी, तिच्या वर.
शनिवारपर्यंत माझे पंधरा फोटो निवडून द्यायचेत. आज अकरा निवडून ठेवले.