तिसऱ्या मजल्यावरचा मीटर बरोबर होता

मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण मॅट्रिक, काम घर चालवणे, राहणार तिसरा मजला, जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. पोटातल्या दुखण्याने शरीर खंगले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. सकाळीच दुधाचा हिशेब जुळवून पाहिला. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. देवाला स्मरून लिहिते, म्हणून यात एक अक्षरही खोटे नाही. जिथे खोटे लिहायचे होते तिथे लिहून झाले आहे. ते पुढे येईलच.

१. गेल्या वर्षी लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते तळमजल्यावरच्या कंपाउंडर भावजींच्या कपाटात आहे. भावजी दवाखान्यातून निवृत्त झालेले, आमचे जुने शेजारी आणि या घराचे अर्धे वकील. त्या कागदात मी माझी सगळी शिल्लक संस्थेविरुद्धच्या तक्रारीसाठी राखून ठेवली होती, आणि 'माझ्यामागे कोणीही समझोता करू नये' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. तो कागद भावजींनी फाडून टाकावा. का, ते कलम तीनमध्ये.

२. खोल्या. या माझ्या मालकीच्या नाहीत, त्यामुळे मला त्या कोणाला देता येत नाहीत. बेताच्या कमाईच्या लोकांना घरे भाड्याने देणारी एक संस्था आहे, इमारत तिची. तिचा नियम असा की भाडेकरू मेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर खोल्या होतात, पण मरणाच्या दिवशी खात्यावर काही थकलेले नसेल तरच. थकलेले असेल तर महिन्याभरात सामान बाहेर. माझी थोरली मुलगी, जिला सगळी इमारत ताई म्हणते, माझ्याजवळ राहते. नवऱ्याने टाकल्यापासून कपडे दुरुस्त करून पोट भरते. तिला दुसरे छप्पर नाही. माझ्या मरणाआधी खाते साफ होते की नाही, एवढ्यावर तिचे सगळे अडले होते.

३. तक्रारीची हकीगत. भाड्याबरोबर वीज आणि गरम पाणी यांचे शुल्कही संस्थाच घेते, दारावरच्या मीटरवरून. आमचा आकडा पहिल्यापासून कमी. कारण आमचे हे. हे सुतार होते. लग्नानंतर लगेच यांनी मला एक लाकडी पेटी करून दिली, आत जुन्या लोकरी कोटांचे अस्तर आणि वर घट्ट बसणारे झाकण. पातेल्याला एक उकळी आली की ते त्या पेटीत ठेवून झाकण लावायचे. शेगडी बंद. पुढचे पेटी बघून घेते. आमच्या घरात त्याला पातेले झोपवणे म्हणत. "पातेलं झोपलं का?" असे हे कामावरून आल्या आल्या विचारायचे, आणि झोपले असेल तर दबक्या पावलांनी चालायचे. विनोदी स्वभाव. दिवाही जिथे माणूस तिथेच लावायचा. देवापुढचा दिवा तेलाचा, तो मीटरवर येत नाही.

हे गेल्यावर संस्थेत नवा वसुलीवाला आला. त्याने आमचा आकडा पाहून 'संशयास्पद कमी वापर' असा शेरा मारला. मीटर बिघडवलेला असणार असे धरून इमारतीच्या सरासरीने मागच्या वर्षांचा आकार लावला, वर दंड. मी भाडे दर महिन्याला वेळेवर भरत होते, पण ते भाडे त्यांनी आधी या थकबाकीत वळते केले, म्हणजे कागदावर माझे भाडेही थकले. घर खाली करण्याची नोटीस दारावर चिकटवली. समोरच्या वहिनींनी ती मोठ्याने वाचून दाखवली, मला चष्मा नाही असे समजून.

मी भांडले. नवा मीटर बसवून घेतला. तोही तेवढाच कमी चालला. वसुलीवाला म्हणाला, "आजी, आता आमचं लक्ष आहे म्हणून तुम्ही जपून वापरताय."

"मग आधी कोणाचं लक्ष होतं म्हणून जपून वापरत होते?"

"आधी वापरत होतात, मीटर मोजत नव्हता."

मी संस्थेकडे लेखी तक्रार केली. सुनावणीला मी पेटीच घेऊन गेले. घरून निघताना बटाटे-वाटाण्याचे पातेले झोपवले होते, ते त्यांच्या टेबलावर उघडले. वाफ संस्थेच्या अध्यक्षबाईंच्या चष्म्यावर गेली. बाईंनी चष्मा पुसला, एक बटाटा चमच्याने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. मला खोटं वाटत नाही. पण नियमात हे कुठे बसवू?" वाईट नव्हत्या. त्यांनी दंड माफ करायचे कबूल केले. अट एकच. छापील समझोत्यावर भाडेकरूने स्वतः, हयात असताना, सही करायची. त्यात वाक्य होते: 'मीटर घरातील व्यक्तीने बिघडवला होता व हे मला ठाऊक होते.' बाई म्हणाल्या, ते छापीलच आहे, काढता येत नाही. घरातली व्यक्ती म्हणजे हे. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरचा उरलेला खिळाही परत देऊन येणारा माणूस. मी पेटी उचलली आणि घरी आले.

त्यानंतर मीच आम्हाला कोंडून घेतले. आकडा कमी आहे हेच आमचे म्हणणे, म्हणजे तो कमीच राहिला पाहिजे. एक महिना जरी वर गेला, तरी ते म्हणणार, बघा, हा खरा वापर. दुखणे सुरू झाले, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी खोली उबदार ठेवा म्हणून सांगितले, तरी मी हीटर आणू दिला नाही. ताईने हूं की चूं केले नाही.

या थंडीत एक दिवस ती सुई-दोरा घेऊन माझ्या बिछान्याशी आली. "आई, ओवून दे." मला कमी दिसते, आणि ती मला ओवायला सांगते? मी तिचे हात पाहिले. बोटे सुजून लाल, वाकत नव्हती, सांध्यांवर कातडी फुटलेली. माझ्या दुखण्याच्या चादरी ती रोज गार पाण्यात धूत होती.

"अगं, गरम पाणी घ्यायचं होतंस की!"

"आकडा वाढेल."

"दोन बादल्यांनी काय वाढणार?"

"तुझा आकडा दोन बादल्यांचाच आहे, आई. मग ते म्हणतील, आधी बंदच होता मीटर."

शिवणयंत्राची मोटरही तिने कधीच काढून ठेवली होती आणि अधू गुडघ्याने पायानेच यंत्र मारत होती. मला वाटत होते मोटर बिघडली आहे. मी विचारले, "बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "बाबांचं नाव आहे ना त्यात." मी सुई ओवून दिली. बराच वेळ लागला.

दुसऱ्याच दिवशी भावजींच्या आधाराने तीन मजले उतरून संस्थेत गेले. वसुलीवाला म्हणाला, "हेच आधी केलं असतंत तर एवढा त्रास वाचला असता, आजी."

मी म्हटले, "आजी माझ्या नातवंडांची. तुमची भाडेकरू. पेन द्या."

दंड सोडून सगळी रक्कम भरली, समझोत्यावर सही केली, खाते साफ झाल्याचा दाखला घेतला. येताना दुकानातून हीटर आणला. ताई दारातच थबकली. "कोणाला विचारून आणलास?" म्हणाली. अगदी माझाच सूर.

४. शिल्लक. भरणा करून खात्यात जे उरले आहे ते आणि माझ्या दोन बांगड्या ताईला. त्यातून आधी शिवणयंत्राची मोटर बसवून घ्यावी. उरलेले एकदम खर्च करू नये. पण बोटांच्या औषधात काटकसर करू नये. हे मी लिहिते आहे, म्हणून पुन्हा वाचावे: करू नये.

५. यांची हत्यारे, म्हणजे रंधे, पटाश्या, करवती, गिरमीट आणि शिसवी मुठीची हातोडी, माझ्या धाकट्या मुलाला. तो दुसऱ्या शहरात असतो, कचेरीत कामाला आहे, हत्यारे त्याच्या कामाची नाहीत. तरी त्यालाच. पण एका अटीवर. नोटीस लागली तेव्हा तो आला होता. जिन्यात, चार माणसे उभी असताना, त्याने मला विचारले, "आई, खरं सांग, बाबांनी मीटरला काही केलं नव्हतं ना?" मी उत्तर दिले नाही. त्याला वाटले मी लपवते आहे. मी उत्तर दिले नाही कारण तोंड उघडले असते तर रडू आले असते. म्हणून अट अशी: खोल्या ताईच्या नावावर झाल्याची चिठ्ठी हाती आल्यावर, आधी नाही, धाकट्याने या कागदाचे कलम तीन आणि कलम नऊ त्याच जिन्यात उभे राहून मोठ्याने वाचावे. मग हत्यारे न्यावीत. सून हसली तर हसू द्यावे. ती मनाने चांगली आहे.

भावजींनी ओळखीच्या वकिलांना विचारून ठेवले आहे: पैसे पूर्ण भरलेले असल्याने आणि ताईची त्या समझोत्यावर सही नसल्याने तिला याचा त्रास होणार नाही. भरलेले पैसे कोणी परत मागू नयेत. ते छपराचे पैसे होते असे मी धरले आहे.

६. समोरच्या वहिनींना माझी इस्त्री. त्यांनी चौकशीला आलेल्या माणसाला सांगितले होते, "त्यांच्याकडे तर अंधारच असतो बाई, स्वयंपाक कसा होतो देव जाणे." हे त्यांनी माझ्या बाजूने सांगितले की माझ्याविरुद्ध, ते मला आजवर कळले नाही, आणि मला वाटते त्यांनाही नाही. इस्त्री तशीही वर्षभर त्यांच्याकडेच आहे.

७. पातेले झोपवायची पेटी. एकदा मनात आले होते की ती वसुलीवाल्याला पाठवावी, आत त्याची नोटीस झोपवून. तो विचार देवापुढे बसल्यावर गेला, पूर्ण गेला असे म्हणवत नाही. पेटी ताईचीच. पण ती वापरायलाच हवी असे नाही. शेगडीवर पातेले ठेवून ते शिजेपर्यंत आच चालू ठेवली तरी मला वरून राग येणार नाही. घराच्या हिशेबाच्या वह्या मात्र रद्दीत घालाव्यात. संस्थेने त्यांना पुरावा मानले नाही, आणि ताईने त्या उघडून स्वतःच्या खर्चाशी ताडून बघत बसावे अशी माझी इच्छा नाही.

८. माझे अंत्यविधी साधे करावेत. फुले नकोत. माझ्यासाठी कोणी गार पाण्याने अंघोळ करू नये. देवापुढचा दिवा ताईने चालवावा, जमेल तेव्हा. देव समजून घेतो, त्याच्याकडे सरासरी नाही.

९. सहीबद्दल. संस्थेच्या समझोत्यावर, मीटर घरातील व्यक्तीने बिघडवला, या वाक्याखाली माझी सही आहे. अक्षर माझेच आहे, कोणी शंका घेऊ नये. ते वाक्य खोटे आहे. आमच्या यांनी त्या मीटरला कधी हात लावला नाही. त्यावरची धूळ पुसायची असली तरी ते मला हाक मारायचे, "तू पूस, संस्थेची वस्तू आहे." सही करण्याआधी मी देवाला सांगितले की हे खोटे मी माझ्या नावावर घेते, ताईच्या नावावर खोली राहू दे. यांना सांगायचे राहिले आहे. ते आता लवकरच समोरासमोर सांगेन. बहुतेक हसतील, आणि विचारतील, पातेले झोपले का.

जुना कागद फाटला की माझ्या सहीचे दोनच कागद उरतात, एक संस्थेचा आणि एक हा. माझ्यामागे कोणता खरा असा प्रश्न पडला, तर हा.

ही शेवटची पाने लिहिताना हीटर चालू आहे. ताई मीटरचा आकडा दोनदा बघून आली. तिसऱ्यांदा मी तिला बसवून ठेवले. खोली उबदार आहे. अक्षर नीट आले आहे ते त्यामुळे.

स्थळ: तिसरा मजला, जिन्यालगतची आतली खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी, बुधवार

(सही)
मृत्युपत्र लिहून ठेवणारी, तिसऱ्या मजल्याची भाडेकरू

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत, न थांबता सही केली. त्याआधी सगळा मजकूर त्यांनी आम्हाला स्वतः वाचून दाखवला. कलम पाचला पाणी प्यायल्या, पुढे वाचले.

साक्षीदार:
१. (सही) तळमजल्यावरचे कंपाउंडर. जुना कागद आजच फाडला.
२. (सही) दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. खोलीत पुरेशी ऊब असल्याचे मी पाहिले.