पिकअपच्या ब्रेकबाबत माझी शेवटची जबानी

मी, गुरुशांत शिवलिंगप्पा कलशेट्टी, वय चौपन्न, धंदा टॉवेलचे गठ्ठे पोचवण्याचा, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हा कागद माझ्या पश्चात वापरण्यासाठी स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. याबाबत पत्नी नीलम्मा हिचं मत वेगळं आहे, पण ते लग्नापासूनचं असल्यामुळे कायद्याने धरू नये. मला कोणी धमकावलेलं नाही. मी प्यालेलोही नाही. सही झाल्यानंतरचं सांगता येत नाही.

मरायची मला घाई नाही. पण गेल्या महिन्यात माझी पिकअप मेहुण्याच्या कंपाउंडची भिंत पाडून आत गेली, तेव्हा कागद करून ठेवलेला बरा असं वाटलं.

१. भवानी पेठेतल्या दोन खोल्या, वरचे पत्रे आणि बँकेत जे असेल ते नीलम्माला. पत्रे कुठे गळतात हे तिला सांगायला नको. बादल्या तीच ठेवते.

२. मेहुणा कुमार बिराजदार याला काही नाही. माझी पिकअप एकदा त्याच्या अंगणात जाऊन आली, तेवढं पुरे.

३. पिकअप (२००८ सालची, रंग पूर्वी पांढरा), सगळे पाने आणि जॅक मुलगी सिद्धेश्वरीला. कुमार म्हणाला होता, "दाजी, पोरीच्या हातात गाडी?" भिंत पोरीने पाडलेली नाही, हे त्याने ध्यानात घ्यावं. मात्र ब्रेकचं काम पुरं झाल्याशिवाय सिद्धेश्वरीने चावीला हात लावायचा नाही. पायडल पहिल्याच दाबाला अर्ध्यावर थांबलं पाहिजे आणि पाय दाबून ठेवला तरी खाली जाता कामा नये. गेलं, तर उतरायचं आणि चालत घरी यायचं. जॅक रिकामा आहे. कारण पुढे.

४. डिसेंबरात वैरागला माल टाकून येताना ब्रेक ऑइलच्या डबीत तेल कमी दिसलं. दुकानं बंद होती, असं मी सगळ्यांना सांगतो. दुकानं उघडी होती. मलाच मागे वळायचा कंटाळा आला. गाडी उचलायच्या जॅकमधलं तेल काढून मी डबीत ओतलं. तेल ते तेल, असा माझा तीस वर्षांचा अभ्यास.

आठ दिवसांत पायडल मनाला येईल तसं वागू लागलं. कधी दगडासारखं, कधी थेट तळाला. गाडी आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेल्या बडेसाब नदाफकडे नेली. त्याने चारी चाकं खोलली, गळती कुठेच नाही. लायनीतली हवा काढली. पुन्हा तेच. मास्टर सिलिंडरचं रबर बदललं, तर नवंही फुगलं. दर वेळी तो विचारायचा, "अण्णा, ह्यात दुसरं काय वतलं न्हाय न्हवं?" आणि दर वेळी मी म्हणायचो, "छ्या!"

तोवर मला एक युक्ती सापडली होती. पायडल तीनदा मारलं की चौथ्याला पकडायचं. त्यामुळे मी प्रत्येक चौकाच्या बऱ्याच आधीपासून पाय मारत यायचो. कुमारच्या घरभरणीला गेलो, तर त्याच्या बोळात तीनदा मारण्याएवढी जागाच नव्हती. भिंत पडली, बुंदीची परात उलटली. तिथे खेळणारी पोरं नुकतीच जेवायला आत गेली होती. हे वाक्य मी अजूनही पटकन लिहून पुढे जातो.

कुमार ओरडला, "दाजी, ब्रेकचं काम कुणाकडं केलंवतं?"

मी म्हणालो, "बडेसाबकडं."

खरं बोलून एवढं खोटं मी जन्मात बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी बडेसाबने चहाच्या ग्लासात पाणी घेतलं आणि डबीतल्या तेलाचे चार थेंब टाकले. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. हे वर तरंगत राहिलं, म्हणजे तेल दुसरंच, आणि त्यानेच रबर फुगलेलं. "कुणी वतलं, अण्णा?" मी पिकअपकडे असं बघितलं, की जणू तीच चोरून प्यायली. मग कुमारने पेठेत उठवलं, "बडेसाब स्वतःचं पाप आता तेलावर ढकलतोय." चार कारखानदारांनी बडेसाबकडच्या गाड्या दुसरीकडे नेल्या.

५. तरी जाहीर करतो की ते तेल मी ओतलं. बडेसाबचा काडीचा दोष नाही. हे कलम माझ्या शिवगणाराधनेला, म्हणजे मी गेल्यावरच्या जेवणाला, कुमारने मोठ्याने वाचावं. जेवणाआधी, जेवल्यावर त्याला झोप येते.

६. इथवर लिहून आज दुपारी कागद साक्षीच्या सहीसाठी बडेसाबकडे नेला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं वकील म्हणाले होते. म्हणूनच मी त्याची निवड केली होती.

बडेसाब म्हणाला, "न चालवता मी गाडी देत न्हाय. न वाचता सही कशी देऊ?"

त्याने हात पुसले आणि ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. पाचवं कलम दोनदा. शिवी येईल म्हणून मी तयार उभा होतो.

"अण्णा, तुमी मरणार कवा?"

"डॉक्टर म्हणतो, अजून वीस वर्षं काही होत नाही."

"मग तवर माजं गॅरेज कुणी चालवायचं? ह्या कागदानं?"

तुझं बरोबर आहे, असं मी म्हणालो. चौपन्न वर्षांत असं पहिल्यांदा झालं. नीलम्माला कळवू नये.

७. सबब पाचव्या कलमातली शिवगणाराधनेची अट रद्द. आज संध्याकाळी पाच वाजता कुमारच्या दुकानासमोरच्या चहाच्या गाड्यावर, कुमार आणि गाड्या नेलेल्या चौघांपैकी तीन कारखानदार हजर असताना, मी चौथं आणि पाचवं कलम उभं राहून वाचलं. पोरांच्या वाक्यापाशी मी थांबलो आणि ते पुन्हा, सावकाश वाचलं. कोणी हसलं नाही. एक कारखानदार चहा अर्धा टाकून गॅरेजच्या दिशेने गेला. पिकअपचं एकूण एक रबर आणि नळी आता नवी बसेल, आणि ते काम बडेसाबच करील. तसं त्याने कबूल केलं आहे. माझ्याशी बोलत मात्र नाही.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि लोकांना ऐकवला. तो मला मान्य आहे.

स्थळ : भवानी पेठ, सोलापूर
दिनांक : १८ फेब्रुवारी २०२५

सही : गुरुशांत शि. कलशेट्टी

साक्षीदार १ : बडेसाब नदाफ
(दुपारी वाचलं. संध्याकाळी ऐकलं. मग सही केली.)

साक्षीदार २ : कुमार बिराजदार
(बडेसाबबद्दल पेठेत बोललो ते चुकलं. भिंत दाजींनी बांधून द्यावी. गवंडी लावावा, स्वतः बांधू नये.)