वाटेवरच्या टाळ्या

मंगळवार, संध्याकाळचे साडेसात

ग्रंथालयापासून मुलींच्या वसतिगृहापर्यंतच्या वाटेवरचे दिवे मीच बंद करायला लावले. विद्यापीठाच्या वीजबचत समितीचा प्रमुख ना मी! कार्बन कमी केला म्हणून उद्या सत्कार आहे.

महिनाभर रोज याच वेळी मुली टाळ्या वाजवत माझ्या क्वार्टरमागून जातात. मग वसतिगृहाचं लोखंडी फाटक खणकन वाजतं. मला वाटायचं, मजेत आहेत पोरी. बायकोला कौतुकानं सांगितलंही होतं.

आज दुपारी वॉचमन मारुतीमामा म्हणाले, "मजा कसली, सर? बिबट्या फिरायलाय तिकडं. अंधारात काय दिसंना, म्हणून टाळ्या वाजवत जातेत. आमी रानात तसंच करतो."

"मग माझ्याकडं तक्रार का नाही केली त्यांनी?"

"तुमीच शपथ दिली न्हाय का, एक दिवा जास्तीचा लावणार न्हाय म्हणून?"

दिली होती. हात पुढं करून मी म्हणत होतो आणि त्या माझ्यामागून म्हणत होत्या.

तेव्हाच जाऊन दिवे लावायचे होते. पण वाटलं, उद्याचा सत्कार उरकू दे, मग लावू. एका दिवसानं काय होतंय? असं खरंच वाटलं मला?

आत्ता आल्या टाळ्या. आज आवाज कमी आहे, दोघी-तिघीच असतील. चिंचेच्या झाडापाशी पोचल्या असतील.

टाळ्या थांबल्या.

फाटक अजून वाजलेलं नाही.