ओल्या रस्त्यावरचे बारा मीटर

तलासरी,
९ नोव्हेंबर २०२५

लक्ष्यादादा,

नमस्कार. तुम्ही कुबडी घेऊन ओट्यापर्यंत येता, असं भिकीवहिनी वाणगावच्या बाजारात म्हणाल्या. आमच्याकडे भाताची झोडणी चालू आहे. आई आता थोडं जेवते.

मी टायर तपासायच्या लॅबमध्ये कामाला होते, हे तुम्हाला माहीत नसेल. गेल्या महिन्यात विमावाल्यांनी चार टायर पाठवले. चिठ्ठीवर तुमच्या टेम्पोचा नंबर. साहेबांना सांगून बाजूला व्हायला हवं होतं. मी गप्प राहिले. मला तुम्ही खोटे ठरायला हवे होतात.

ऑगस्टमधल्या त्या पावसाच्या दुपारी माझी बहीण तुळशी तुमच्या चाकाखाली गेली. छाती चेपली होती, तोंडातून रक्त येत होतं. लोकांनी तुम्हाला केबिनमधून ओढलं, डोकं दारावर आपटलं. तुम्ही मलाच सांगत होतात, "ताई, ब्रेक दाबला. गाडी सरकतच गेली."

"दारू पिऊन खोटं बोलतो," असं मी ओरडले. तुम्ही प्यायलेले नव्हतात. वाससुद्धा नव्हता. त्यानंतर लोक थांबले नाहीत.

टायरची नक्षी चांगली खोल होती, पण रबर जुनं, वाळून कडक झालेलं. तुकडे कापून ओल्या, खडबडीत पट्टीवर घासले, पकड मोजली, आकडे कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये भरले. ताशी पन्नासला चांगल्या टायरची गाडी सोळा मीटरात थांबली. तुमची अठ्ठावीस मीटरात. पंचनाम्यातही चाकं घसरल्याची खूण अठ्ठावीस मीटरच आहे. तुळशी बाविसाव्या मीटरवर होती.

तीनदा करून पाहिलं. तीनदा तुम्ही खरे निघालात.

पोलिसांना मी सांगितलं होतं, गर्दीत कोण मारत होतं ते दिसलं नाही. दादा, चाक खोलायची लोखंडी टॉमी माझ्या हातात होती. तुमचा गुडघा मी फोडला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा हाड वाजलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

शेवटी साहेबांना नातं सांगितलं. त्यांनी दुसऱ्याकडून टायर तपासून घेतले. आकडे तेच आले, अहवाल गेला. माझी नोकरीही गेली.

उद्या सकाळी जबाब बदलायला पोलीस ठाण्यात जाते. आई म्हणाली, "एक गेली. आता तूही चाललीस?"

तुम्हाला ओळख पटवायला बोलावतील. माझ्या आईकडे बघून 'ही नव्हे' म्हणून मान हलवू नका. माझ्याकडे बोट दाखवा.

तुमचा पाय मोडणारी,
योगिता