मशीनमागच्या भिंतीचा लोणा

२८ डिसेंबर
पुन्हा पांढरं! काल ओल्या फडक्यानं पुसलं, आज दुप्पट. दुर्गाबाईच्या संक्रांतीच्या काळ्या ब्लाउजवर भिंतीवरून पीठ सांडल्यावानी पडलं. ती रुपाले म्हणते, "शिवाले दिला होता का दळाले?" रुपा हसली. माझं डोकं फिरलं. सासर सोडून आली तेव्हापासून पोरीजवळ ही एक मशीनच आहे. संक्रांतीचे अकरा ब्लाउज पडून आहेत, सगळे काळे. गिऱ्हाईक तुटलं तं तिनं करावं काय?

२९ डिसेंबर
संडासाचं ॲसिड मारलं. फसफसलं, नाक जळलं. वरून बादलीभर पाणी. विटा लाल दिसल्या. बरं वाटलं.

३१ डिसेंबर
आलं पुन्हा. आधीपेक्षा जास्त.

१ जानेवारी
चिंधू मिस्त्रीले बोलावलं. मागच्या साली त्यानंच ही खोली बांधली, म्हणून आधी त्यालेच झापलं — कोण्या भट्टीच्या विटा घातल्या रे? त्यानं नखानं खरवडलं, फुंकर मारली. म्हणे, "लोणा आहे वहिनी. मीठ राहते इटेच्या पोटात. पाणी त्याले बाहेर आणते, पाणी वाळून जाते, मीठ वरतं राहते. तुम्ही धुऊन धुऊन त्याले पाणी पाजून राहिल्या. कोरडा ब्रश मारा. अन् पाणी येते कोठून ते बंद करा." अन् भिंतीपलीकडे बोट दाखवलं.
पलीकडे जाऊबाईची न्हाणी. भासरे, रुपाच्या बापाचे मोठे भाऊ, गेल्यापासून चंद्रकलाबाई तिकडे एकटीच राहते. चिंधू म्हणते, "मी तवाच म्हटलं होतं, हातभर जागा सोडा." म्हटलं होतं. मीच नाही सोडली. तेवढी खोली लहान झाली असती.

२ जानेवारी
गेली अन् बोलली. "बाई, तुमची आंघोळ आमच्या भिंतीत शिरून राहिली."
"मंग मी न्हाऊ कोठी?"
"कोठीही न्हा. तिथं नोको."
बरं म्हणाली. तेवढंच.
रुपाचा बाप म्हणते, भावजय आहे, जरा हळू बोलत जाय. म्हटलं, मंग तुम्ही शिवा काळे ब्लाउज.

५ जानेवारी
पलीकडून तांब्याचा आवाज नाही. ऐकलं म्हणायचं बाईनं.

८ जानेवारी
पांढरं उलट वाढलं! चिंधूले रस्त्यातच धरलं. "भिंत वाळून राहिली वहिनी, पोटातलं ओकून राहिली. झाडत राहा. पाणी लावान तं माहं नाव नोका घेऊ."
रोज सकाळी ब्रश मारते. खाली जुना पेपर, झाडलेलं सगळं बाहेर, अंगणापार. तिथंच पडू दिलं तं पुन्हा भिंतीत जाते म्हणे. मशीन दोन हात पुढे ओढली. पांढरं नाकात जाते, शिंका येतात. पण कमी होऊन राहिलं.

१२ जानेवारी
हात फिरवला. कोरडी. बोटाले काही नाही!
अकराही ब्लाउज गेले. दुर्गाबाईनं आपला उन्हात धरून उलटापालटा पाहिला. काहीच सापडलं नाही, तं तोंड पडलं तिचं. रुपा किती दिवसानं गुणगुणत होती.

१५ जानेवारी
दुर्गाबाई धावत आली. चंद्रकलाबाई बोरिंगवर पडल्या.
इतक्या पहाटे तिथं कायले गेल्या, विचारलं. ती माझ्याकडे पाहतच राहिली. "तुले माहीत नाही? रोज चारले येते. बाया पाण्याले यायच्या आधी लुगड्यानिशी न्हाऊन घेते अन् ओलीच घरी जाते. दहा-बारा दिवस झाले."
बोरिंगच्या ओट्यावर शेवाळ. उजवं मनगट मोडलं. रुपाचा बाप भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला.
रुपानं मशीनले हात लावला नाही.

१६ जानेवारी
भिंत कोरडी आहे.

१८ जानेवारी
पाणी तापवलं. बाईच्या हाताच्या प्लास्टरले प्लास्टिकची पन्नी बांधली, त्यांच्याच न्हाणीत पाटावर बसवलं. पहिला तांब्या टाकला.
म्हणाल्या, "हळू टाक माय. तुही भिंत ओली होईन."